सागोतीचा टोप आणि अर्धं गाऱ्हाणं

आमच्या काकांनी समुद्राला घातलेलं एक गाऱ्हाणं चार वर्षं अर्धवट पडून होतं आणि त्याला मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. सर्वानुमते म्हणजे त्यात माझा नवरासुद्धा आला. तो साताऱ्याकडचा. गाऱ्हाणं म्हणजे काय ते त्याला लग्नानंतर कळलं, पण माझ्याविरुद्ध मत द्यायची वेळ आली की पहिला हात त्याचा वर जातो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मालवणी माणसं देवाशी फार बोलतो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने नारळ पुढे ठेवायचा, डोळे मिटायचे आणि खणखणीत आवाजात देवाला घरातलं सगळं सांगून जे हवं ते मागायचं. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला एका सुरात म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ मध्ये हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. साध्या माणसाचं गाऱ्हाणं पाच-दहा मिनिटांत होतं. आमचे काका साधे नाहीत. गणपतीत शेजारचे लोक आपली आरती आटपून, प्रसाद खाऊन, हात धुऊन आमच्याकडे यायचे, तेव्हा काका जेमतेम थोरल्या आत्याच्या नवऱ्याच्या मूळव्याधीपर्यंत पोचलेले असायचे.

हे सगळं घाटकोपरच्या चाळीतलं. काकांची आणि आमची खोली शेजारी शेजारी, मधलं दार कायम उघडं. कोण कुठे जेवलं, कोण कुठे झोपलं याचा हिशोब कोणी ठेवला नाही. काकांचा नितू माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. त्याला कडेवर घेऊन मी लंगडी खेळलेली आहे (आणि जिंकलेली आहे). सणाला काकी एका भल्यामोठ्या ॲल्युमिनियमच्या टोपात सागोती करायची. आमच्याकडे कोंबडीच्या, खोबऱ्याच्या वाटणातल्या रश्शाला सागोती म्हणतात, आणि सोबत वडे. त्या टोपात आम्हा भावंडांपैकी प्रत्येकाची एकदा तरी आंघोळ झालेली आहे. अर्थात सागोती नसताना.

मग चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही पांगलो. मी बोरिवलीला, माझा दादा मुलुंडला, काका, काकी आणि नितू दिंडोशीला. नुसती हाक मारली की येणारी माणसं ‘या वीकेंडला जमत नाही गं, पुढच्या बघू’ असं म्हणायला लागली. टोप काकीकडे गेला, कारण तो दुसऱ्या कोणाच्या दारातून आत जाईना. तिच्याकडे तो माळ्यावर पडून राहिला. त्यात शिजवावं एवढी माणसं एका वेळी जमतच नव्हती.

आणि त्यात नितूने बॉम्ब टाकला. कॅनडात नोकरी लागली होती. तो, त्याची बायको आणि चार वर्षांची ओवी, तिघंही जाणार होते. काकी महिनाभर कोणाशी धड बोलली नाही. काका मात्र सगळ्यांना सांगत फिरले, ‘बरा झाला. थंसर हवा चांगली.’ ते असं बोलताना कुणाच्याच डोळ्याकडे बघायचे नाहीत, हे मला दिसत होतं.

मी तेव्हाच ठरवलं. नितू जायच्या आधी एकदा, फक्त एकदा, सगळ्यांनी एका छपराखाली झोपायचं. केळव्याला समुद्राजवळ एक बंगला घेतला, एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला आणि सगळ्यांना फोनवर दम दिला की जो येणार नाही त्याच्या घरी मी पंधरा दिवस राहायला जाईन. झाडून सगळे आले.

ट्रॅव्हलरमध्ये माणसं, पोरं, फुगवायची बदकं, आणि मधल्या पॅसेजमध्ये तो टोप. मी म्हटलं, ‘काकी, बंगल्यावर भांडी आहेत गं.’

‘आसतली,’ काकी म्हणाली. ‘पण सगळी एकत्र चल्ली आणि टोप घराकडे? तो काय म्हणात?’

मग टोपही निघाला, आणि विरारपर्यंत दादाचा धाकटा त्यात बसून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकी आणि वहिनी चुलीशी होत्या. पोरं समुद्रावर जायला नाचत होती, पण काकांनी फर्मान काढलं की आधी गाऱ्हाणं, मग पाणी. आणि समुद्राला दाखवल्याशिवाय सागोती कोणी तोंडात घालायची नाही. म्हणजे टोप किनाऱ्यावर न्यायचा. तो मी आणि दादाने नेला. सुरूच्या बनातून, वाळूतून, मध्ये तीनदा खाली ठेवत. दादा म्हणाला, ‘इथेच ठेवू ना, झाडाखाली.’

‘समुद्राला दाखवायचंय की झाडाला?’ मी म्हटलं. ‘चल पुढे.’

‘पाणी येईल गं.’

‘पाणी बघ किती लांब आहे. लांब आहे म्हणजे ओहोटी आहे. कोकणातली ना आपण?’

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. आम्ही कोकणातले आहोत हे खरं, पण आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. तिथून समुद्र बघायचा तर दोन एसट्या बदलाव्या लागतात. काकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत नोकरीला आल्यावर. तरी समुद्राचा विषय निघाला की आमच्यातला एकेकजण असा बोलतो की जणू पिढ्यानपिढ्या गलबतांवर तांडेल होतो. माझं म्हणणं कोणी खोडून काढलं नाही. काका तर म्हणाले, ‘बरोबर बोलता सुमा. आपल्याक समुद्र कोण शिकयतलो?’ पाणी लांब गेलेलं असेल तर ते आता जवळ येणार, एवढा साधा विचार दादा सोडला तर आमच्या अख्ख्या खानदानात एकाच्याही डोक्यात आला नाही.

टोप ओल्या वाळूवर ठेवला. त्याच्यापुढे नारळ. पोरांनी चपला काढून टोपाभोवती मांडल्या. आम्ही सगळे मागे ओळीने उभे राहिलो, मोठ्यांनी छोट्यांचे हात घट्ट धरले. नवऱ्याने कानात विचारलं, ‘किती वेळ चालतं हे?’ मी म्हटलं, ‘तू फक्त डोळे मीट.’

‘बा समुद्रदेवा, म्हाराजा!’ काकांनी सुरुवात केली.

‘व्हय म्हाराजा!’

‘आज आमी सगळी लेकरां तुझ्या दारात इलंव, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

‘ह्या पोरांका तुझ्या पाण्यात न्हावचा आसा. त्येंची राखण कर, म्हाराजा!’

इथपर्यंत रीतसर चाललं होतं. मग काकांना सूर लागला. वहिनीच्या कंबरेचा पट्टा सुटू दे. दादाच्या मोठ्याला दहावीत गणित कळू दे. दिंडोशीच्या बिल्डिंगची लिफ्ट गणपतीपासून बंद होती, ती चालू होऊ दे. जो कोणी चेअरमन ती चालू करत नाही त्याला सुबुद्धी दे, आणि सुबुद्धी होत नसेल तर त्याला एकदा सहा मजले चढायला लाव. ‘व्हय म्हाराजा!’ हे दिंडोशीवाले फार मनापासून म्हणाले.

एवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. डोळे मिटलेले, तरी कळलं की पाणी आहे. शेजारून काकी कुजबुजली, ‘पावलो गो सुमा, पावलो. समुद्र सोता इलो.’ ओळीतून कुजबूज पुढे गेली, समुद्र पावला, समुद्र पावला. आम्ही भक्तीने पाय आणखी रोवले. काकांनाही ते कळलं असणार, कारण त्यांचा आवाज भरून आला. आता खुद्द देवच दारात आलाय म्हटल्यावर त्यांनी वरवरचं मागणं सोडलं आणि ज्याच्यासाठी ते उभे होते तिथे आले.

‘ह्यो माझो नितू, म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘एकुलतो एक झील, म्हाराजा. लांब चल्लो हा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘त्येका सुखाचो ठेव, म्हाराजा. आणि म्हाराजा...’

काका थांबले. त्यांना पुढे बोलवेना. आम्ही कोणीच डोळे उघडले नाहीत. नितू माझ्या डाव्या बाजूला नाक ओढत होता. पाणी आता पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. आणि त्या शांततेत नितूच्या कडेवरून ओवीचा आवाज आला.

‘आजोबा, टोप चालला.’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

‘आजोबा, माझी चप्पल पण चालली.’

‘व्हय म्हाराजा!’

पोरीला वाटलं असणार, ही माणसं वेडी आहेत. ती मोठ्याने ओरडली, ‘अरे, टोप चालला ना!’ आणि तेव्हा माझे डोळे उघडले. टोप खरंच चालला होता. झाकणासकट, डौलात, हलकासा डुलत, अरबी समुद्राच्या दिशेने. मागे चपलांचं लहानसं आरमार. नारळ तर कधीच पुढे निघून गेला होता.

‘टोप!’ मी अशी किंचाळले की सुरूच्या बनातले कावळे उडाले.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण त्यातला बराच वेळ मी पाण्याखाली होते. पंजाबी ड्रेस घालून पळता येत नाही, आणि पाण्यात तर अजिबातच नाही. नितूने ओवीला बायकोकडे दिलं आणि माझ्यामागे पळाला. दादा त्याच्यामागे. मी टोपाचा काठ पकडला आणि मनात म्हटलं, झालं, वाचवला. त्याच क्षणी लाट आली. टोप माझ्या बाजूला कलंडला आणि काकीची सकाळपासूनची मेहनत माझ्या डोक्यावरून खाली आली. नितूने मला उभं केलं तेव्हा माझ्या केसात कोंबडीची तंगडी होती. टोप वाचला. त्यात सागोतीऐवजी खारं पाणी आणि दोन चपला होत्या.

किनाऱ्यावर माझा नवरा शांतपणे उभा होता. त्याचे कपडे गुडघ्याच्या वर कोरडे. मी म्हटलं, ‘तू डोळे मिटले नव्हतेस?’

‘नव्हते.’

‘मग टोप जाताना दिसला नाही तुला?’

‘दिसला ना. पहिल्यापासून दिसत होता.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘मला वाटलं, विधीचाच भाग आहे. तुमच्यात नैवेद्य असाच सोडतात असं वाटलं.’

त्या रात्री आम्ही वडे आणि मॅगी खाल्ली. वडे वहिनीने डब्यात बंगल्यावरच ठेवले होते म्हणून वाचले. सगळे एका खोलीत गाद्या टाकून बसले, आणि ओवीने ‘आजोबा, टोप चालला’ म्हणून दाखवलं की पुन्हा हसायचे. नितूला हसता हसता ठसका लागला. मी एवढी हसत होते आणि आत कुठेतरी वाटत होतं, ही रात्र अशीच राहावी, कोणी घरी जाऊच नये. मधलं दार परत उघडलं होतं.

काका तेवढे बाहेर ओटीवर होते. मी जाऊन शेजारी बसले. ‘काका, पुढे काय मागणार होता?’

‘ऱ्हवांदे गो.’

‘सांगा ना.’

‘मागतलंय होतंय की ह्या सगळ्यांका परत असाच एकत्र हाड म्हणान.’ एकत्र आण, एवढंच. ते अंधारात समुद्राच्या आवाजाकडे बघत होते. ‘नैवेद्य घेतल्यान त्येना. मागणा ऐकूचा ऱ्हवला.’

‘मग उद्या परत घाला.’

‘मोडलेला गाऱ्हाणा परत सुरू करूचा नसता. ज्येना मोडल्यान, त्येनाच पुरा करूचा.’

‘म्हणजे मी?’

‘मगे वरडला कोण?’

आता मला सांगा, गाऱ्हाणं घालणं काय खायचं काम आहे? आमच्याकडे ते पुरुषांनी घालायचं, तेही म्हाताऱ्या पुरुषांनी. शिवाय माझं मालवणी बोरिवलीचं. त्यात निम्मं हिंदी. मी म्हटलं बघू. नितू गेला. पहिल्या वर्षी त्याचे कागद अडकले, मग घर घेतलं, मग ओवीची शाळा. दर वर्षी फोनवर ‘तिकिटं बघतोय ताई.’ काका-काकी दिंडोशीची जागा भाड्याने देऊन गावी राहायला गेले. टोपही गेला. काकी तो उपडा घालून त्याखाली कोंबडीची पिल्लं झाकते, मांजरापासून. आणि काकांचा दर रविवारचा फोन एकाच वाक्याने संपायचा, ‘गाऱ्हाणा पुरा केलंस काय गो?’ मी म्हणायची, ‘करते काका.’ मी चिडायचीसुद्धा. नितूला सुट्टी मिळत नाही यात माझ्या किंचाळण्याचा काय संबंध?

गेल्या महिन्यात एका रविवारी फोन आला. तब्येत, पाऊस, काजू, सगळं बोलून झालं. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. काका म्हणाले, ‘बरा तर, ठेवतंय.’ आणि ठेवला.

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. विचारलंच नाही त्यांनी. त्यांनी नितूची वाट बघणं सोडलं की काय? मला एकदम रडू आलं. नवऱ्याने विचारलं, ‘कोणाला काय झालं?’ मी म्हटलं, ‘कोणाला काही नाही. शनिवारी गोराईला जायचंय.’

बोटीने खाडी ओलांडली, नारळ घेतला, वाळूत गेलो. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना जमवलं. दादा मुलुंडहून. काका-काकी गावाहून (त्यांनी फोन असा धरला होता की मला फक्त काकांचं कपाळ आणि छपराची कौलं दिसत होती). कॅनडात सकाळ होती. नितू उशीच्या अभ्र्यासारखा चुरगळलेला दिसत होता आणि शेजारी ओवी, आठ वर्षांची, दुधाचा पेला घेऊन. काकीची सगळ्यात मोठी काळजी ती. ‘पोर आता फोनवर निस्ता हाय-बाय करता गो,’ ती मला नेहमी सांगायची.

मी चपला काढल्या. नवऱ्याने फोन धरला आणि विचारलं, ‘भरती आहे की ओहोटी?’

‘पाणी बघ किती लांब आहे.’

‘तेव्हापण लांबच होतं.’

‘तू डोळे मीट.’

गेल्या वेळी डोळे उघडे ठेवल्याबद्दल त्याची घरात इतकी चर्चा झाली होती की या वेळी त्याने ते गच्च मिटले. मीही मिटले. आणि बोलायला तोंड उघडलं तर काही सुचेना. काकांचं कपाळ म्हणालं, ‘बोल गो. तो ऐकता.’

‘बा समुद्रदेवा, म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ मुलुंड आधी, गाव नंतर, कॅनडा गायब.

‘माका नीट बोलूक येणा नाय, म्हाराजा. समजून घे.’

‘व्हय म्हाराजा!’

‘चार वर्सांपूर्वी आमी तुका सागोती दिली, म्हाराजा. ती आमच्या मर्जीन दिली नव्हती, पण तू खाल्लंस. आता मागणा ऐक.’ मी पाय वाळूत रोवले. ‘आमची माणसां पांगली, म्हाराजा. आमका त्येंची लय आठवण येता. जी खय खय गेली हत, त्येंका एकदा परत एका टोपातला जेवूक हाड, म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ दादा म्हणाला. ‘व्हय म्हाराजा,’ काकी म्हणाली, रडत. कॅनडा पुन्हा गायब. मला वाटलं, कॉल कट झाला. आणि मग उशिरा, एकटा, एवढ्या समुद्रापलीकडून आवाज आला, ‘व्हय म्हाराजा.’ नितूचा.

मी तशीच उभी राहिले. पायाला गार लागत होतं. काकीच्या भाषेत, पावला होता. आणि तेवढ्यात फोनमधून स्पष्ट, खणखणीत, घाटकोपरच्या चाळीत शोभेल असा आवाज आला.

‘आत्या, तुझी चप्पल चालली.’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही सगळे म्हणालो. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

काका हसायला लागले. त्यांचा फोन हलला, छप्पर दिसलं, अंगण दिसलं, आणि शेवटी काका दिसले, सगळे, डोळे पुसताना. ‘ऐकलंस?’ काकी ओरडत होती, ‘ओवीक येता बोलूक, ऐकलंस?’ नितू कॅमेऱ्याच्या जवळ सरकला. मग म्हणाला, ‘आई, टोप कुठाय?’

‘पिल्लां आसत रे त्याच्याखाली.’

‘काढून ठेव. घासून ठेव.’

तिकिटाचं तो काही बोलला नाही. या वेळी ‘बघतोय’ असंही म्हणाला नाही. काकीने मात्र त्याच संध्याकाळी पिल्लं पाटीखाली हलवली.

इकडे माझी एक चप्पल नवऱ्याने पकडली. दुसरी गेली. जेट्टीकडे मी एक पाय चपलेत आणि एक पाय वाळूत असं लंगडत निघाले. तो म्हणाला, ‘आता ही एक घेऊन काय करणार आहेस? टाकून दे.’

‘राहू दे. समुद्र नेलेलं परत आणून टाकतो.’

‘कधी? भरतीला की ओहोटीला?’

मी मागे वळून बघितलं. पाणी पार सुक्या वाळूपर्यंत चढलं होतं.

‘ओहोटीला,’ मी ठामपणे सांगितलं. ‘कोकणातली आहे मी.’